चांदी आर्सेनिक काढत नाही

वर एकांनी लिहिलंय की फिल्टरमध्ये नॅनो चांदी, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण, असले की पाणी पूर्ण सुरक्षित. जंतूंपुरतं हे पटतं. २००९ साली आलेल्या टाटा स्वच्छ या घरगुती फिल्टरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते आणि तो विजेशिवाय चालायचा, त्याचं मोल मोठंच आहे. पण पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिक या विषारी मूलद्रव्यापुढे चांदीचा उपयोग नाही, आणि पाणी उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. आर्सेनिकचं पाणी दिसायला नितळ असतं, चवीलाही काही कळत नाही. म्हणून बांगलादेशात तपासणीनंतर दूषित हातपंपांना लाल रंग दिला, चांगल्यांना हिरवा.

आर्सेनिकसाठी लोहाचे कण कामी येतात. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे (गंजासारख्या संयुगाचे) अतिसूक्ष्म कण धरून ठेवले. कण जितका बारीक तितका एका ग्रॅममागे पृष्ठभाग जास्त, आणि आर्सेनिक चिकटतं ते पृष्ठभागालाच. भूजलातलं त्रिसंयुजी आर्सेनिक (आर्सेनिकचं एक रूप) विद्युतभाररहित असल्याने एरवी निसटतं, तेही यात अडकतं. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे पकड तेवढी घट्टच हवी. तेव्हा फिल्टर घेण्याआधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, विशेषतः बोअरचं. यवतमाळ-चंद्रपूरकडे प्रश्न फ्लोराइडचा आहे, तिथेही नुसत्या चांदीवर विसंबू नका.