रक्तातच असतं की घरात बघून येतं?

चाळकरी:
रविवारी लालबागला काकांकडे गेलेलो. चुलतभावाचा सहा वर्षांचा पोरगा जेवायला बसला, भाताचा डोंगर केला, बोटाने मधे खड्डा पाडला, वरण ओतलं आणि खड्डा फुटू न देता कडेकडेने खायला लागला. डिट्टो माझे आजोबा! ते जाऊन पंधरा वर्षं झाली, पोराने त्यांना बघितलेलंच नाही. काकू म्हणाली रक्तातच आहे, आणि मला पटलं. अमेरिकेत मिनेसोटाला थॉमस बुशार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ पासून वेगवेगळ्या घरात वाढलेली जुळी भावंडं शोधून तपासली, बुद्ध्यांकातल्या फरकात जवळपास ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. मग आपण क्लासच्या फीवर एवढे पैसे का उडवतोय? खाण तशी माती. बोला.

कुर्लाफास्ट:
अरे बाबा, भातात खड्डा करून वरण ओतायला जीन लागतो? निम्मा महाराष्ट्र तसाच जेवतो. तुझे काका कसे जेवतात ते विचार आधी, पोरगं त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसत असणार. आणि ती जुळी बहुतेक बऱ्यापैकी खातीपिती घरं मिळालेली होती, घराघरात फार फरकच नसेल तर परिस्थितीचा वाटा कमीच दिसणार ना. २००३ मध्ये टर्कहायमर नावाच्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतलीच सात वर्षांची जुळी घेतली, त्यात गरीब घरांतल्या मुलांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा शून्याजवळ आला आणि सुखवस्तू घरांत भरपूर. गोवंडीत एका खोलीत सहाजण झोपतात तिथे कुणाची खाण आणि कुणाची माती?

चाळकरी:
काकांना फोन केला. खड्डा करतात 😐 ते सोड. पण उंचीचं काय, ती तर ८० टक्के आनुवंशिक म्हणतात.

कुर्लाफास्ट:
हो, आणि तरी दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सरासरी २० सेंटिमीटरने उंच झाल्या. जीन बदलले का एवढ्यात? खायला मिळालं.

बोरिवली_स्लो:
दोघंही टक्के चुकीचे वाचताय. ८० टक्के म्हणजे तुझ्या साडेपाच फुटांतले साडेचार बापाचे आणि उरलेला एक फूट आईच्या हातच्या जेवणाचा असं नसतं 😄 तो आकडा एका समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा असतो, एकट्या पोराला लावताच येत नाही. फेनिलकीटोन्युरिया नावाचा आजार बघा, पक्का आनुवंशिक, प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता येत नाही आणि मेंदूला कायमची इजा होते. पण जन्मल्यावर लगेच कळलं आणि दूध, डाळ, अंडी टाळली किंवा अगदी मोजूनमापून दिली, अशा मुलांसाठीचं वेगळं पावडरचं दूध चालू ठेवलं तर मूल जवळपास इतरांसारखंच वाढतं. जीन तोच राहिला, ताट बदललं. आता सांगा टक्के.

खिडकीची_सीट:
मी दत्तक मुलीची आई, म्हणून लिहिते. लेक नऊ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिने गणिताचा पेपर दप्तराच्या तळाशी लपवला, तर नणंद म्हणाली कुणाचं रक्त कोण जाणे. तिच्या स्वतःच्या मुलाने प्रगतीपुस्तक गव्हाच्या डब्यात पुरलं होतं, तेव्हा मात्र "वयच आहे गं ते". म्हणून "रक्तातच आहे" कुणी प्रेमाने म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा येतो.

पण सगळं परिस्थितीच ठरवते हेही मला नाही पटत हं. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी सुरात नाही, गणपतीत आरतीला आम्हाला फक्त टाळ देतात, तेही लांब उभं करून. आणि ही कुकरच्या शिट्टीवर सूर लावते. कुठून आलं ते? तिच्या जन्मदात्यांपैकी कुणाकडून तरी आलं असेल, मला छान वाटतं. ती अकरा महिन्यांची असताना घरी आली. रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास २००० साली सुरू झाला, त्यात दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं ती जास्त सावरली, हे मी तेव्हा रात्री रात्री वाचत बसायचे.

चाळकरी:
ताई, सॉरी. काकूने कौतुकाने म्हटलं होतं, पण तेच वाक्य दुसरीकडे असंही वापरतात हे डोक्यात आलं नव्हतं. क्लासच्या फीचं मात्र अजून पटत नाही हां 😅 तिला गाणं शिकवताय का?

खिडकीची_सीट:
शनिवारी भांडुपला एक पेटीवाले सर आहेत, त्यांच्याकडे जाते. आम्ही दोघं बाहेर जिन्यात बसतो, आत येऊ नका असं तिनेच सांगितलंय.