पोकरचा टेबलाबाहेरचा अभ्यास: आपले अनुभव लिहा

ऑनलाइन पोकरचा विषय निघाला की शेवटच्या पत्त्याने केलेल्या घाताच्या कहाण्याच अधिक ऐकू येतात. त्या येथे नकोत. डाव संपल्यावर आपण जो अभ्यास करता, त्यासाठी जी सॉफ्टवेअरे वापरता, त्यांना कोणता प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाल्यावर खेळात काय बदलले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. चर्चा नो-लिमिट होल्डेमपुरती ठेवू: प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, टेबलावर सर्वांसाठी पाच (आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न आणि शेवटचा रिव्हर), आणि बेटच्या रकमेला मर्यादा नाही. नवख्यांसाठी: बेट म्हणजे पैसे लावणे, कॉल म्हणजे समोरच्याएवढेच टाकणे, रेज म्हणजे वाढवणे, चेक म्हणजे काही न लावता पुढे जाणे, फोल्ड म्हणजे डाव सोडणे, आणि मध्ये जमलेली रक्कम तो पॉट. पैसे लावून खेळण्याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, ते ज्याने त्याने पाहावेत. फुकटच्या चिप्सवर खेळणाऱ्यांनीही अवश्य लिहावे, कारण गणित तेच राहते.

* * *

मी सहा खेळाडूंच्या कॅश गेममध्ये (जेथे चिप्स म्हणजे थेट पैसे) खेळतो आणि माझा सगळा अभ्यास पोकरट्रॅकरभोवती फिरतो. हे सॉफ्टवेअर खेळलेला प्रत्येक डाव साठवून ठेवते, आणि नंतर ‘बटणावरून पहिली रेज केली, बिग ब्लाइंडने कॉल केला, फ्लॉपवर मी चेक केले’ अशी चाळणी लावून तेवढेच डाव वेगळे काढता येतात. (बटण म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणारी जागा; बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधीच ठरलेली मोठी रक्कम टाकावी लागणारी जागा, आणि ती रक्कमही.) नवीन माणूस मात्र नफ्याचा आलेख तेवढा उघडतो आणि रेष वर गेली की खूश, खाली आली की खट्टू होतो. त्या रेषेवर किती भरवसा ठेवावा, याचे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. दर १०० डावांमागील निकालाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, साधारण ९० बिग ब्लाइंड धरले, तर १०,००० डावांनंतरही सरासरीतील प्रमाण त्रुटी ९ बिग ब्लाइंड उरते. म्हणजे दर १०० डावांमागे ५ ब्लाइंड कमावण्याची खरी क्षमता असलेला खेळाडू तेवढ्या डावांनंतर तोट्यात दिसला, तर त्यात नवल काहीच नाही. १,००,००० डावांनंतरही ही त्रुटी ३ ब्लाइंडच्या आसपास असते.

म्हणून मी नफ्याकडे न पाहता सवयींकडे पाहतो, कारण सवयींचे आकडे त्या मानाने लवकर स्थिरावतात. आपणहून पॉटमध्ये पैसे टाकण्याचे प्रमाण, ज्याला सगळे व्हीपिप म्हणतात, आणि फ्लॉपपूर्वी रेज करण्याचे प्रमाण, म्हणजे पीएफआर, हे दोन्ही जागेनुसार वेगळे काढले. सर्वांत आधी बोलणाऱ्या जागेवरून आणि बटणावरून माझे आकडे जवळपास सारखेच निघाले, आणि तेथून पुढचा अभ्यास आपोआप ठरला: बटणावरून अधिक हात खेळायचे, आधी बोलणाऱ्या जागांवरून कमी. बिग ब्लाइंडचा अहवाल पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या जागेवर प्रत्येक डाव फोल्ड केला, तर दर १०० डावांमागे १०० ब्लाइंड जातात. त्यामुळे तेथे उणे आकडा दिसणे स्वाभाविक आहे, आणि तो उणे १०० पासून किती वर आला, हीच खरी मोजणी.

* * *

सॉल्व्हर (दोघेही सर्वोत्तम खेळले तर कोणती चाल योग्य, हे काढणारे सॉफ्टवेअर) विकत घेण्याच्या घाईत असलेल्यांसाठी थोडक्यात लिहिते. मी इक्विलॅब (हात जिंकण्याची टक्केवारी काढणारे सॉफ्टवेअर) आणि कागद-पेन्सिल यांवरच बराच काळ काढला आणि सर्वाधिक फरक त्यानेच पडला. पॉटमध्ये १०० असताना समोरच्याने ५० ची बेट केली, तर १५० जिंकण्यासाठी ५० टाकायचे असतात, म्हणून निदान २५% वेळा जिंकायला हवे. बेट पॉटएवढी असेल, तर ३३%. फ्लॉपवर फ्लशला (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांना) एक पत्ता कमी असेल, तर उपयोगी पत्ते ९ उरतात. पुढच्या एका पत्त्यावर फ्लश लागण्याची शक्यता सुमारे १९% आणि रिव्हरपर्यंत दोन्ही पत्ते पाहायला मिळाले तर ३५%. यातला ३५ चा आकडा मनात धरून टर्नसाठी कॉल करणारे खूप दिसतात, पण टर्नवर पुन्हा मोठी बेट आली की तो आकडा कामाचा राहत नाही.

दुसरी सवय समोरच्याच्या दोन पत्त्यांचे शक्य प्रकार मोजण्याची. कोणतीही एक जोडी ६ प्रकारे मिळते आणि एक्का-राजा १६ प्रकारे. फ्लॉपवर एक एक्का पडला, की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर येतात, तर एक्का-राजाचे १६ वरून १२ वर. ‘याच्याकडे नक्की सेट असणार’ (म्हणजे हातात जोडी आणि टेबलावर तसाच तिसरा पत्ता) ही भीती अशा वेळी आकड्यांत मोजता येते.

* * *

मी पायोसॉल्व्हर वापरतो, अलीकडे तयार उत्तरांसाठी जीटीओ विझर्डही. सॉल्व्हर म्हणजे त्रिकालज्ञानी यंत्र, असा समज फार पसरला आहे. प्रत्यक्षात आपणच त्याला दोघांचे संभाव्य हात, स्टॅक (प्रत्येकाजवळच्या चिप्स) आणि बेटचे आकार सांगतो, आणि तेवढ्याच चौकटीत, दोघेही एकमेकांविरुद्ध सर्वोत्तम खेळतील असे धरून, तो समतोल शोधतो. बिग ब्लाइंडच्या हातांची यादी चुकीची भरली, तर उत्तर दशांशापर्यंत देखणे येते आणि तरी कामाचे नसते. समतोलाच्या या शोधामागील पद्धत २००७ मध्ये पुढे आली. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या संगणक प्रोग्रामने दोन खेळाडूंचे लिमिट होल्डेम (ज्यात बेटची रक्कम ठरलेली असते) व्यवहारतः सोडवले, आणि २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रामने सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर व्यावसायिकांना हरवले. तरीही सहा जणांचा नो-लिमिट खेळ ‘सुटलेला’ नाही, हे विसरून चालत नाही.

आता मला झालेला उपयोग. बटणावरून रेज, बिग ब्लाइंडचा कॉल, आणि फ्लॉपवर तीन वेगळ्या रंगांचे एक्का-सत्ती-दुर्री. येथे सॉल्व्हर बटणाला पॉटच्या एक तृतीयांश एवढी लहान बेट फार मोठ्या प्रमाणात करायला सांगतो. मी ते पाठ केले असते, तर फ्लॉप बदलताच अडलो असतो; म्हणून कारण शोधले. एक्क्यांची जोडी किंवा एक्का-राजा असता, तर बिग ब्लाइंडने फ्लॉपपूर्वीच पुन्हा रेज केली असती. त्यामुळे भक्कम हात बटणाकडे जास्त उरतात आणि समोर पुष्कळसे काहीच न लागलेले हात असतात. आता फ्लॉप सत्ती-छक्की-पंजी करून पाहा. तयार स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते), दोन जोड्या, अर्धवट स्ट्रेट असे हात बिग ब्लाइंडकडे प्रमाणाने अधिक, आणि तोच सॉल्व्हर बटणाला बऱ्याचदा चेक करायला लावतो. हे दोन फ्लॉप शेजारी ठेवून मधले फ्लॉप एकेक करून तपासण्यात मला अधिक मिळाले. सुटे डाव तपासून तेवढे हाती लागले नव्हते.

ज्या हातासाठी सॉल्व्हर ‘६०% बेट, ४०% चेक’ असे दाखवतो, त्या हातावर लोक तासन्‌तास वाद घालतात. समतोलात दोन्ही चालींचे अपेक्षित मूल्य (सरासरी कमाई) सारखे असते, म्हणूनच तर तो त्यांची सरमिसळ करतो! तेथे वेळ घालवण्याऐवजी ज्या हातात दोन चालींच्या मूल्यांत ठळक फरक आहे, तेथे आपण काय करतो, ते आधी पाहावे.

ब्लफसाठी हात निवडणे हा दुसरा धडा. रिव्हरला टेबलावर बदामाचे तीन पत्ते आहेत. समोरच्याकडे फ्लश असण्याच्या सर्व शक्य जोड्या ४५. माझ्याकडे फक्त बदाम एक्का असेल, दुसरा पत्ता निरुपयोगी, तर त्या ३६ उरतात आणि त्यांपैकी एकही सर्वोच्च फ्लश नसतो. मोठ्या ब्लफसाठी सॉल्व्हर असे हात का उचलतो, ते या मोजणीनंतर वेगळे सांगावे लागत नाही.

* * *

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, मात्र छोट्या रकमेच्या टेबलांविषयी एक मतभेद नोंदवतो. अर्ध्या पॉटच्या बेटसमोर आपल्या हातांपैकी दोन तृतीयांश टिकवून धरावेत, नाहीतर समोरच्याला कोणत्याही पत्त्यांवर ब्लफ परवडतो, हा हिशोब बरोबर आहे. पण समोरचा ब्लफ करतच नसेल, तर तो कुणाला लागू करायचा? माझ्या डेटाबेसात रिव्हरला आलेल्या रेज वेगळ्या काढल्या, तेव्हा शेवटी उघड झालेले हात जवळजवळ सगळे भक्कम होते. मग सॉल्व्हरमध्ये त्या ठिकाणी समोरच्याचे ब्लफ हाताने कमी करून पाहिले. याला नोड-लॉक म्हणतात. ब्लफ थोडेसेच घटवले, तरी आधी कॉल आणि फोल्ड यांच्या सीमेवर असलेले हात एकगठ्ठा फोल्डकडे गेले. सॉल्व्हरचा खरा उपयोग मला येथे वाटतो: समतोल पाठ करण्यापेक्षा, समोरच्याची एक सवय बदलली तर आपले उत्तर किती बदलते, हे पाहण्यात.

* * *

धागाकर्त्याकडून मध्येच एक सूचना. सॉल्व्हर किंवा त्याचे तक्ते डाव चालू असताना उघडून खेळणे मोठ्या साइट्सवर निषिद्ध आहे; खाते बंद होते आणि शिल्लक जप्त होऊ शकते. वर लिहिलेले सर्व सत्र संपल्यानंतरचे आहे, असेच धरावे. नियम तर आहेतच, शिवाय दुसऱ्याचे उत्तर पाहून पत्ते टाकणे हा आपला खेळ सुधारण्याचा मार्ग कसा, हे मला तरी कळलेले नाही.

* * *

हडविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. प्रत्येक खेळाडूच्या नावाशेजारी त्याचे आकडे दाखवणारी ही पट्टी मी एके काळी पंधरा-वीस आकड्यांनी भरली होती; आता व्हीपिप, पीएफआर, फ्लॉपपूर्वीच्या पुन्हा-रेजचे प्रमाण आणि डावांची संख्या एवढेच ठेवतो. व्हीपिप ४५ आणि पीएफआर ८ दिसले, की हा माणूस पुष्कळ हात नुसते कॉल करून खेळतो, हे शंभरेक डावांत समजते. त्याच्यावर ब्लफ वाया घालवू नये आणि चांगल्या हातावर मोठी बेट करावी. उलट ‘रिव्हरला चेक-रेजचे (आधी चेक, मग समोरच्याच्या बेटवर रेज) प्रमाण’ हा आकडा दोन-तीन प्रसंगांवर उभा असतो आणि तरीही टक्केवारीच्या रुबाबात समोर येतो. पार्टीपोकरने २०१९ मध्ये हड बंद केले आणि इतरत्रही निर्बंध आहेत, त्यामुळे हातांनी टिपणे लिहिण्याची सवय ठेवावी. टिपणात ‘फालतू खेळतो’ असे लिहून उपयोग नाही. ‘टर्नवर मधली जोडी असताना पॉटएवढ्या बेटला कॉल केला’ असे लिहिले, तर पुढच्या वेळी कामी येते.

* * *

मी स्पर्धा खेळते, आणि तेथे चिप्स व बक्षीस यांचे नाते सरळ नसते. एक उदाहरण पूर्ण मांडते. तीन खेळाडू उरले आहेत, त्यांच्याकडे ५,०००, ३,००० आणि २,००० चिप्स आहेत, आणि बक्षिसे एकूण रकमेच्या ५०, ३० व २०% आहेत. आयसीएमच्या (चिप्सवरून बक्षिसाचा अपेक्षित वाटा काढण्याच्या पद्धतीच्या) हिशोबाने त्यांचे वाटे अनुक्रमे ३८.४, ३२.७५ आणि २८.९% येतात; निम्म्या चिप्स असलेल्याला निम्मे बक्षीस मिळत नाही. आता २,००० वाला सगळे लावतो आणि ३,००० वाला कॉल करायचा की नाही, या विचारात आहे. ब्लाइंड बाजूला ठेवू. जिंकला तर त्याचा वाटा ४०% होतो, म्हणजे ७.२५ ची कमाई. हरला तर त्याच्याकडे १,००० चिप्स आणि सुमारे २४.७% वाटा उरतो, म्हणजे ८ हून थोडे अधिक नुकसान. निव्वळ चिप्स मोजल्या तर ५०% शक्यता पुरेशी वाटते, पण बक्षिसाच्या हिशोबाने जवळपास ५३% हवी. आणि गंमत अशी, की डावात नसलेल्या ५,००० वाल्याचा वाटा दोघांपैकी कुणीही जिंकले तरी वाढतो: एकीकडे ४०, दुसरीकडे ३८.९.

आयसीमायझर किंवा होल्डेम रिसोर्सेस कॅल्क्युलेटर हे गणित क्षणात करतात. मी मात्र आधी स्वतः अंदाज लिहिते आणि मगच उत्तर उघडते, कारण टेबलावर शेवटी अंदाजच करायचा असतो.

* * *

आम्ही तिघे-चौघे एकमेकांचे डाव तपासतो. नियम एकच: डाव पाठवताना निकाल आणि समोरच्याचे पत्ते झाकायचे. पत्ते दिसले, की सगळेच शहाणे होतात आणि ‘तेथे फोल्डच करायला हवा होता’ असे ठामपणे सांगतात. पाठवणाऱ्याने प्रत्येक टप्प्यावर समोरच्याकडे कोणते हात असतील, असे त्याला वाटले, ते लिहायचे. बरेचसे प्रश्न ते लिहितानाच सुटतात आणि डाव पाठवावाही लागत नाही.

शिवाय ट्रॅकरमधील डाव सत्राच्या तासांनुसार वेगळे काढून पाहावेत. माझ्या बाबतीत उशिराच्या डावांत व्हीपिप चढत जातो आणि पीएफआर तेथेच राहतो, म्हणजे दमल्यावर नुसते कॉल वाढतात. आता गजर लावून दुसऱ्या तासाअखेर उठतो, आणि चारऐवजी दोनच टेबले उघडतो.