मदत हवी आहे: एप्रिल-मे मध्ये फ्रान्स, मैत्रिणीकडे मुक्काम (व्हिसा, लवेंडर आणि हापूस)

नमस्कार मंडळी,

मी आणि नवरा एप्रिलच्या शेवटी १२ दिवस फ्रान्सला जातोय, पहिल्यांदाच. तीन दिवस पॅरिस, बाकी सगळे दिवस तूर (Tours) नावाच्या शहरात माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे, पॅरिसहून टीजीव्हीने (तिथली वेगवान ट्रेन) सव्वा तास लागतो म्हणे. विमानाची तिकिटं काढून बसलोय आणि व्हिसापाशी घोडं अडलंय.

कुणाच्या घरी राहणार असू तर 'आतेस्तास्यों दाकय' नावाचा कागद लागतो. तो तिने तिथल्या मेरीतून (आपली नगरपालिका समजा) ३० युरोचा स्टॅम्प लावून काढायचा आणि ओरिजिनल इकडे कुरिअर करायचा. घर पाहुण्यांना पुरेसं आहे का तेही बघतात, आणि हिचं घर म्हणजे एक खोली नि एक सोफा-कम-बेड, त्यामुळे ती आधीच टेन्शनमध्ये. त्यात तिला अपॉइंटमेंट मिळाली ती आमच्या व्हिसाच्या तारखेनंतर चार दिवसांनी! एजंट म्हणतो हॉटेलचं बुकिंग दाखवा आणि नंतर कॅन्सल करा, पण खोटं दाखवायला जीव धजत नाही. व्हिसाची तारीख पुढे ढकलली तर परत स्लॉट मिळतात का पटकन? कुणी केलंय का असं?

दुसरं म्हणजे फिरणं. नवऱ्याला लवेंडरच्या शेतात फोटो काढायचेत, मैत्रीण म्हणाली जूनच्या शेवटाशिवाय फुलत नाही आणि ते इथून लांब दक्षिणेला, तर साहेब दोन दिवस रुसले. त्याऐवजी शनाँसोचा नदीवर बांधलेला महाल बघायचा ठरलंय, तिथे लोकल ट्रेन अगदी गेटापाशी सोडते. आंब्वाजलाही जायचंय, लिओनार्दो द विंचीची कबर आहे तिथे, पण किल्ला चढावर आहे आणि नवऱ्याचा गुडघा कुरकुरतो. जाऊन आलेल्यांनी सांगा, जमेल का? १ मेला तिकडेही सुट्टी, बरंच काही बंद असतं, त्या दिवशी एकमेकांना म्युगे नावाच्या पांढऱ्या फुलांची काडी देतात. आपण घरी बसून महाराष्ट्र दिन करू म्हणाली.

आता खरा प्रश्न. बाई सहा वर्षं आंब्याच्या दिवसात इकडे आलेली नाही आणि तिने एकच गोष्ट मागितलीय, एक डझन हापूस. मी नियम वाचले तर ताज्या फळांना सरकारी फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कीड-रोग नसल्याचा दाखला) लागतं, केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन सोडून. म्हणजे केळी चालतील आणि आंबा नाही! दुधाचे पदार्थही बंद, त्यामुळे पेढे नि घरचं तूप बॅगेतून काढलं. मग आमरसाचे डबे न्यावेत की आंबापोळी? रसाचा डबा चेक-इन बॅगेत फुटला तर काय होतं ते माझ्या बहिणीच्या पैठणीला विचारा.

बाकी बाकरवडी, मेतकूट, गोडा मसाला घेतलाय. हापूसचं तिला अजून सांगितलेलं नाही.