स्कॉट्सडेलमधील आठवड्यासाठी कोणती गोल्फ मैदाने निवडावीत?

प्रश्न : आम्ही काही मित्र हिवाळ्याच्या सुरुवातीला अ‍ॅरिझोनातील स्कॉट्सडेल येथे आठवडाभर गोल्फ खेळण्यास जाणार आहोत. काहींचा हँडिकॅप (खेळाडूचे कौशल्य दाखवणारा आकडा; तो जितका जास्त, तितका खेळ कच्चा) वीसच्या वर असल्यामुळे, काटेरी झुडपांत चेंडू शोधण्यातच दिवस जाणार नाही अशी मैदाने कृपया सुचवावीत.

पहिले उत्तर : वी-को-पा या गोल्फ क्लबचे ‘सग्वारो’ मैदान निःसंकोच निवडावे. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी आखलेल्या या मैदानाचे फेअरवे (चेंडू पुढे नेण्यासाठीचे आखूड गवताचे पट्टे) रुंद आहेत, कडेला एकही घर नाही आणि ते पायी खेळता येते, हे वाळवंटी मैदानांत दुर्मीळच. शेजारचे ‘चोला’ही सुंदर आहे, मात्र तिथे फटक्याची दिशा अधिक जपावी लागते.

दुसरे उत्तर : ट्रून नॉर्थ या क्लबचे ‘मॉन्युमेंट’ मैदान वगळू नये, परंतु टी (पहिला फटका मारण्याची जागा) आणि फेअरवे यांच्यामधला वाळवंटी पट्टा ओलांडावा लागत असल्याने नवख्यांनी पुढच्याच टीवरून खेळावे. टीपीसी स्कॉट्सडेल या मैदानाचे १६ वे होल प्रसिद्ध असले, तरी स्पर्धेच्या वेळी भोवती असणाऱ्या प्रेक्षागाराविना ते साधे पार ३ (तीन फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेले होल) आहे. केवळ त्यासाठी मोठे शुल्क भरणे मला योग्य वाटत नाही.

तिसरे उत्तर : तारखा ठरवण्यापूर्वी प्रत्येक मैदानाकडे ओव्हरसीडिंगची (जुन्या गवतावर नवे गवत पेरण्याची) चौकशी अवश्य करावी. थंडीत बर्म्युडा गवत सुप्तावस्थेत जाते, म्हणून शरद ऋतूत त्यावर राय गवत पेरतात. त्या काळात मैदान बंद असते आणि उघडल्यावरही काही दिवस गोल्फच्या गाड्यांना फेअरवेवर मज्जाव असतो.