मदत हवी आहे : ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांसाठी सुई कुठे मिळेल?

मंडळी, मी गिटार वाजवतो. जुन्या जॅझ, ब्लूज आणि कंट्रीचं वेड कॉलेजपासूनचं. जिमी रॉजर्सचं १९३० मधलं 'ब्लू योडेल नंबर ९' ऐकलंय का? कंट्रीचा गायक, ब्लूजची चाल, लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट, पियानोवर लिल हार्डिन! तिन्ही घराणी एकाच तबकडीत.

तर, त्या काळच्या काही लाखेच्या तबकड्या हाती लागल्यात. माझ्याकडची एलपीची सुई या रुंद खाचांना बारीक पडते, नुसती खरखर. ३ मिलची (१ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई पुण्या-मुंबईत कुठे मिळेल? शिवाय तेव्हाचं सगळं ध्वनिमुद्रण नेमकं ७८ वर नसायचं, त्यामुळे स्वर गिटारशी जुळत नाहीत. वेग थोडा कमी-जास्त करता येणारा प्लेअर कुणी वापरतं का? आणि तबकड्या पुसायला स्पिरिट सुचवू नका, लाख विरघळते!