प्रतिसाद: आखडलेला हात आणि आरसा
दुखरा हात झोळीत बांधून पूर्ण विश्रांती द्यावी, हा या चर्चेत वर कोणी दिलेला सल्ला ताज्या अस्थिभंगाला ठीक असला, तरी सीआरपीएसमध्ये (दुखापतीनंतर हातापायात रेंगाळणारे, दुखापतीच्या मानाने फारच तीव्र असे दुखणे) न वापरलेला हात अधिकच आखडतो. मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर याच दुखण्याने माझी उजवी मूठ वळेना. भाकरी थापणे थांबले, आणि सोलापुरातल्या घरात ही लहान गोष्ट नव्हे. येथे कोणी न लिहिलेला उपाय आरशाचा आहे: दुखरा हात आरशामागे ठेवून, चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हात जमतील तेवढे सावकाश हलवायचे, म्हणजे दुखरा हातच विनावेदना हलतो आहे असे मेंदूला भासते. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मी हे पाच-पाच मिनिटे, दिवसातून अनेकदा केले. स्पर्शही असह्य होता, म्हणून आधी मलमल, मग टॉवेल, शेवटी आपली जाड सोलापुरी चादर हातावरून फिरवली. पाचव्या महिन्यात पीठ मळता आले. थापायला मात्र अजून डावाच हात लागतो.