आधुनिक ऑपेरा म्हणजे आरडाओरडा नव्हे

एकांनी लिहिलंय की आधुनिक ऑपेरात, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या पाश्चात्त्य संगीतनाटकात, नुसतं किंचाळणं असतं आणि चार-पाच वर्षांत गळ्याची वाट लागते. मला हे अजिबात पटलं नाही. बार्बरा हॅनिगन या कॅनडाच्या गायिकेने ८० हून जास्त नव्या रचना पहिल्यांदा गायल्यात, आणि आज ती ऑर्केस्ट्राचं संचालनही करते. २०१२ मध्ये ब्रिटिश संगीतकार जॉर्ज बेंजामिनच्या ज्या ऑपेरात तिने ॲन्येस ही नायिका उभी केली, तो लिहिण्याआधी त्याने तिचा गळा नीट ऐकून घेतला होता. म्हणजे भूमिका गळ्याच्या मापाने बेतलेली!

खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे. नव्या रचनेला आधीचं रेकॉर्डिंग नसतं, कानाला धरायला षड्जही (आधाराचा ‘सा’) नसतो. मी सोलापुरात गाणं शिकवते. परवा एका विद्यार्थिनीला तंबोरा बंद करून कोमल रिषभावरून थेट वरच्या सप्तकातला तीव्र मध्यम लावायला सांगितला. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालूच होता. दोनदा घसरली, डोळे मिटले, तिसऱ्यांदा अलगद लागला. जोर अजिबात लावला नव्हता तिने, आधी स्वर मनात ऐकला होता.